दाराच्या तळाशी फुगलेला रंग

बीदर-कलबुर्गीकडे वीस वर्षं वापरलेली मारुती ८०० किंवा ओम्नी पाहिली, तर तिचं छप्पर बहुधा शाबूत असतं. उन्हानं रंग पांढरट पडलेला, पण पत्रा धड. सडलेली असते ती खालची वीतभर पट्टी: दाराचा तळ, मागच्या चाकावरची कमान, पायरीखालची पेटी आणि डिकीत स्टेपनी बसते तो खड्डा. इथे ना समुद्राची खारी हवा, ना थंड देशांसारखं बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकायची पद्धत. तरी पत्रा सडतो, कारण गंजाला लागतं फक्त पाणी आणि हवा. मिठानं काम लवकर उरकतं, एवढंच.

पाणी धरून ठेवायला आपल्याकडे काळी माती आहे. भालकी किंवा आळंदकडच्या रानातून पावसाळ्यात गाडी गेली की चाकाचा चिखल कमानीच्या आत उडतो. कमानीची कड आतल्या बाजूला दुमडलेली असते. चिखल त्या दुमडीत जाऊन बसतो. बीदरच्या पठारावरची तांबडी माती वाळली की बरीचशी झडून जाते. काळी वरून कोरडी दिसते, आत ओल धरून असते. वॉशिंगवाला बाहेरून फवारा मारतो, गाडी चकचकीत होते आणि ती ओली माती तिथेच राहते. हातमोजा घालून दुमडीत बोट फिरवा. गाडी धुणं खरं तिथून सुरू होतं.

दाराची गोष्ट वेगळी. काच दारात उतरते त्या फटीला रबराची बीडिंग असते, पण तिथून पाणी झिरपतंच. कंपनीनं ते गृहीत धरलेलं असतं, म्हणूनच दाराच्या तळाला दोन-तीन बारीक चिरा ठेवलेल्या असतात. धूळ, पालापाचोळा, झडलेला गंज यांनी त्या बुजतात. वाडी, सेडम, चित्तापूरकडे त्यात सिमेंटची धूळ मिसळली की बूच आणखी घट्ट. मग प्रत्येक पावसाचं पाणी दाराच्या पोटात साचतं आणि पत्रा आतून खायला लागतो. बाहेर रंगाचा फोड दिसतो तेव्हा खालचा पत्रा बहुतेक संपलेला असतो. लोखंडाचा गंज झाला की तो मूळच्या कितीतरी पट जागा मागतो, म्हणून रंग उचलला जातो; आणि गंज भुसभुशीत असल्यानं त्यातून पाणी पुढच्या थरापर्यंत पोचतं. तो आपणहून थांबत नाही. बीदरचा किल्ला ज्या जांभ्यानं लाल दिसतो त्याचा रंगही लोहाच्या ऑक्साइडचाच आहे. खनिजातून ओढून काढलेलं लोखंड संधी मिळाली की परत तिकडेच निघतं.

तेव्हा दुरुस्तीआधी नुकसान किती खोल आहे ते पाहायचं. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं हलकं ठोकत जा. धड पत्रा खणखणतो, खाल्लेला भद्द वाजतो. तिथे टोक दाबलं आणि आत गेलं, तर घासण्याचा प्रश्नच उरला नाही. तो पत्रा कापायचा.

टोक आत जात नसेल तर काम घरीही होतं. फोडाभोवतीचा चांगला दिसणारा रंगही बोटभर काढायचा, कारण गंज रंगाखालून पसरतो. आधी वायर ब्रश, मग ८० नंबरचा पॉलिश पेपर, पत्रा चांदीसारखा दिसेपर्यंत. पेपर कोरडाच वापरा. उघड्या पत्र्यावर पाणपेपर मारला तर हात वाळायच्या आत तांबूस छटा येते. खोलगट टिपक्यांतला काळपट गंज पेपरनं निघत नाही. तिथे रस्ट कन्व्हर्टर लावायचा. काहींत फॉस्फरिक आम्ल असतं, काहींत टॅनिन. टॅनिनवाला लावला की तांबडा डाग डोळ्यांदेखत निळसर काळा होतो. हिरडा आणि हिराकस यांची जुनी काळी शाई याच रसायनानं व्हायची. मात्र सुट्या पापुद्र्यांवर किंवा तेलकट जागी तो लावणं म्हणजे पैसे वाया.

त्याच दिवशी प्रायमर. दोन भागांचा एपॉक्सी प्रायमर थोडा महाग पडतो, पण ओल अडवतो. साधा प्रायमर आणि पुट्टी, दोन्ही ओल शोषतात. त्यामुळे पुट्टी एपॉक्सीच्या वर आणि जितकी पातळ तितकी बरी. जस्तयुक्त प्रायमर वापरायचा असेल तर तो थेट उघड्या पत्र्यालाच लागला पाहिजे: जस्त लोखंडाच्या आधी स्वतः झिजतं आणि त्याला वाचवतं. बिदरी कामातल्या सुरईचा मूळ धातू तो हाच, त्यात थोडं तांबं. पुढचं सरफेसर, रंग, क्लिअर हे पेंटरचं नेहमीचं काम. फक्त ते भर पावसाळ्यात काढू नका आणि मे महिन्याच्या भर दुपारीही नाही, रंग पसरायच्या आत सुकतो. दिवाळीनंतरचे दिवस उत्तम.

भोक पडलं असेल तर टिंकरकडे जायचं. तो 'पुट्टीनं भरून देतो' म्हणाला तर दुसरा टिंकर बघा. बॉडीचा पत्रा पाऊण-एक मिलिमीटरचा असतो. सडका भाग धड धातू लागेपर्यंत कापून, तेवढ्याच जाडीचा तुकडा मिग वेल्डिंगनं छोटे छोटे टाके घालत बसवला पाहिजे. गॅस वेल्डिंगची आच मोठ्या भागावर पसरते, पत्रा वाकतो आणि मागच्या बाजूचा रंग जळून नवा गंज तिथूनच धरतो. वेल्डिंगआधी बॅटरी सोडवायची, आतलं मॅटिंग काढायचं; टाकी आणि इंधनाचे पाइप कुठून जातात ते टिंकरला दाखवून ठेवायचं. पायरीखालची पेटी किंवा सस्पेन्शन जिथे बोल्टनं बसतं ती जागा सडली असेल, तर तो रंगाचा विषय नाही, जिवाचा आहे.

जोड झाला की दाराच्या आणि पेटीच्या पोकळीत पातळ नळीनं मेण फवारून घ्यावं. आपल्याकडे जुनं इंजिन ऑइल आणि डिझेल मारायची रीत आहे. ते रबरी बुश खातं, धूळ धरतं आणि थेंब थेंब जमिनीत उतरतं. गंजावरच काळं अंडरकोटिंग मारून घेणं त्याहून वाईट, ओल आत कोंडली जाते.

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते; पुढे तपासणी करून ५ वर्षांनी वाढवता येते, आणि एप्रिल २०२२ मध्ये मोटारीचं नूतनीकरण शुल्क ६०० वरून ५,००० रुपये झालं होतं. तेव्हा हा खर्च करायच्या आधी गाडी लिफ्टवर चढवून खालून पाहा. मुंबईची किंवा किनाऱ्यावरची जुनी गाडी घेत असाल तर फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबकही सोबत न्या. कमानीवर ते धरलं नाही, तर रंगाखाली पत्रा कमी आणि पुट्टी जास्त आहे.