आकाशातून पडेल त्याचा पंचनामा कोण करणार?

2 एप्रिल 2022, गुढीपाडव्याचा दिवस. रात्री आठच्या सुमारास विदर्भाच्या आकाशात आगीचे लोळ दिसले आणि सिंदेवाही तालुक्यातील लाडबोरी गावात धातूची भलीमोठी रिंग येऊन आदळली. दुसऱ्या दिवशी पवनपारला गोळा सापडला. लोकांना उल्का वाटली; तज्ज्ञांच्या मते तो चिनी रॉकेटचा अवशेष असावा. इजा कुणाला झाली नाही, म्हणून विषय संपला. आम्हा वकिलांसाठी तो तिथेच सुरू होतो.

वर पाठवताना खाली कसे आणायचे, याचा विचार मोठ्या देशांनी सुरुवातीपासून कमीच केला. पहिले अंतराळ स्थानक सोव्हिएत संघाचे सॅल्यूट-1, 1971 चे. तिथे राहून आलेले तिघे परतीच्या वाटेवर यानातील हवा निघून गेल्याने मरण पावले. 1973 मध्ये अमेरिकेने स्कायलॅब सोडले. तीन तुकड्या तिथे राहिल्या, शेवटची 84 दिवस. सूर्याचा अभ्यास झाला, पृथ्वीची छायाचित्रे घेतली गेली. काम मोठेच होते. पुढे सूर्याची सक्रियता वाढली, वातावरण फुगले आणि सुमारे 77 टनांचे ते रिकामे धूड 11 जुलै 1979 रोजी कोसळले. आपल्याकडेही तेव्हा धास्ती पसरली होती. तुकडे पडले ऑस्ट्रेलियात. एस्परन्सच्या स्थानिक प्रशासनाने नासाला कचरा केल्याबद्दल 400 डॉलर दंड ठोकला! राकेश शर्मा 1984 मध्ये ज्या सॅल्यूट-7 वर राहिले, त्याचेही तुकडे 1991 मध्ये अर्जेंटिनात पडले.

कायदा आहे. 1972 च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार जमिनीवरील नुकसानीला यान सोडणारा देश पूर्णपणे जबाबदार. चूक सिद्ध करावी लागत नाही. 1978 मध्ये कॅनडाच्या निर्जन उत्तर भागात सोव्हिएत उपग्रहाचा किरणोत्सारी कचरा पडला, तेव्हा कॅनडाने 1981 मध्ये 30 लाख डॉलर वसूल केले. भारतही या करारात आहे. मात्र करारानुसार दावा सरकारनेच करायचा, तोही सर्वसाधारणपणे एका वर्षात.

आता सांगा, गडचिरोलीतल्या ज्या आदिवासीचा वनहक्क दावा अजून प्रलंबित आहे, त्याच्या धानावर असा तुकडा पडला तर तो काय दाखवणार? सातबारा नाही, पट्टा नाही. जो सरकारदरबारी अतिक्रमणदार, त्याच्यासाठी दिल्ली बीजिंगला पत्र लिहील? आमचा अनुभव तसा नाही. म्हणून कागद गावातच तयार झाला पाहिजे. पहाटे मोहफुले वेचताना अशी वस्तू दिसली तर हात लावू नये, आत विषारी इंधन असू शकते. पोलीस पाटलांना कळवावे, तलाठ्याला जागेवर बोलवावे, नुकसान कुणाचे झाले ते नावानिशी लिहून घ्यावे आणि पंचनाम्याची नक्कल त्याच दिवशी मागावी.