'कारियों' : एका शब्दाची युरोपीय भ्रमंती

मनोऱ्यात टांगलेल्या, सुरांत जुळविलेल्या घंटांच्या वाद्यास फ्रेंच भाषेत 'कारियों' अशी संज्ञा आहे. तिची व्युत्पत्ती सामान्यतः लॅटिन 'क्वातेर्निओ', म्हणजे 'चारांचा समूह', या शब्दापर्यंत नेली जाते. मध्ययुगात तासाचे ठोके पडण्यापूर्वी नगरजनांस सावध करणाऱ्या चार लहान घंटांच्या संचाची स्मृती तीत आहे. १६ व्या शतकात, आजच्या बेल्जियम व नेदरलँड्सच्या प्रदेशात, या घंटांस कळफलक जोडला गेला आणि त्यांचे स्वतंत्र वाद्य झाले. आज किमान २३ घंटा असल्याखेरीज ही संज्ञा लावीत नाहीत. वस्तू वाढत गेली. नावातील 'चार' मात्र गोठून राहिले.

इंग्रजीने हा शब्द फ्रेंचमधूनच उचलला. डच भाषेत त्याच्या जोडीला 'बेयार्ड' हे निराळे नाव रूढ आहे. जर्मन 'ग्लोकनश्पील' व डॅनिश 'क्लोक्केस्पिल' हे सामासिक शब्द. त्यांत घंटांची संख्या नसून त्यांचे वादन सांगितले आहे. तथापि, जर्मन शब्द वाद्यवृंदातील धातूच्या पट्ट्यांच्या वाद्यासही लागू पडतो, आणि इंग्रजीने तो प्रामुख्याने याच अर्थाने स्वीकारला. इटालियनमध्ये तर 'कारियों' म्हणजे बहुधा चावीने सूर काढणारी लहानशी पेटी.

सबब, रूपसाम्य हा अनुवादकास पुरेसा आधार नव्हे. इटालियन कथेतील ही पेटी मनोऱ्यावर चढविली, की एकांतातील खासगी सूर साऱ्या नगराचा घोष होऊन बसतो.