विश्लेषण : शरीरच गर्भाच्या विरोधात जाते तेव्हा... वारंवार गर्भपाताबाबत उंदरांनी काय शिकवले?

सोनोग्राफी, साखर, थायरॉइड सगळे नॉर्मल, तरीही गर्भ टिकत नाही. काही महिलांमध्ये याचे कारण त्यांच्याच रक्तातील अँटीबॉडीज असतात. हे कसे कळले आणि त्यावर उपचार काय?

नागपूर : दोन-तीनदा गर्भपात झाला की घरात पहिले बोट सुनेकडे जाते. 'जड उचललं असेल', 'पपई खाल्ली असेल', 'नजर लागली'. प्रत्यक्षात काही महिलांमध्ये दोष त्यांच्या वागण्यात नसून रोगप्रतिकारशक्तीच्या गोंधळात असतो. हा गोंधळ उलगडण्यात प्रयोगशाळेतील उंदरांचा मोठा वाटा आहे.

नेमके काय बिघडते?

अँटीबॉडीज, म्हणजे प्रतिपिंडे, बाहेरून आलेल्या जंतूंशी लढतात. गर्भ अर्धा वडिलांचा असतो, तरी एरवी आईचे शरीर त्याला सांभाळून घेते. स्वयंप्रतिकार आजारांत मात्र अँटीबॉडीज स्वतःच्याच पेशींवर उलटतात. अँटीफॉस्फोलिपिड सिंड्रोम, थोडक्यात 'एपीएस', हा त्यातलाच एक आजार. १९८३ मध्ये लंडनचे डॉ. ग्रॅहम ह्यूज यांनी त्याचे वर्णन केले. यात रक्ताच्या गुठळ्या होतात आणि वारेवर परिणाम होऊन गर्भ दगावू शकतो.

उंदरांची गरज का पडली?

गर्भपात झालेल्या महिलांच्या रक्तात या अँटीबॉडीज सापडत होत्या. पण त्या गुन्हेगार की नुसत्या साक्षीदार, हे ठरत नव्हते. १९९० च्या सुमारास संशोधकांनी रुग्ण महिलांच्या रक्तातील अँटीबॉडीज गाभण उंदरांना टोचल्या. निरोगी माद्यांचेही गर्भ दगावले. म्हणजे अँटीबॉडीज स्वतःच नुकसान करू शकतात, हे दिसले.

गुठळी की दाह?

सुरुवातीला सगळा दोष गुठळ्यांवर टाकला गेला. २००२ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी दाखवले, की या अँटीबॉडीज रक्तातील 'कॉम्प्लिमेंट' नावाची प्रथिने चेतवतात आणि वारेत दाह सुरू होतो. उंदरांमध्ये ही साखळी रोखल्यावर गर्भ वाचले.

२००४ चा प्रयोग आणखी बोलका ठरला. रक्त पातळ करणाऱ्या हेपॅरिनने उंदरांचे गर्भ वाचवले. पण रक्त पातळ करणाऱ्याच दुसऱ्या दोन औषधांनी ते वाचले नाहीत. हेपॅरिन कॉम्प्लिमेंटलाही आवर घालते, हा त्यातला फरक होता.

मुंबईत काय संशोधन झाले?

परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेत डॉ. वृंदा खोले यांच्या गटाने याच्या जवळचा, पण वेगळा प्रश्न घेतला : अंडाशयावर उलटणाऱ्या अँटीबॉडीजचा. वंध्यत्वाच्या काही रुग्ण महिलांच्या रक्तात 'एचएसपी ९०-बीटा' या प्रथिनाविरुद्ध अँटीबॉडीज असल्याचे त्यांनी २००९ मध्ये मांडले. पुढे या प्रथिनाचा छोटा तुकडा टोचून उंदरांमध्ये तशाच अँटीबॉडीज तयार केल्या, तेव्हा त्यांची प्रजननक्षमता घटली.

उंदरांचे निष्कर्ष महिलांना लागू होतात?

जसेच्या तसे नाही. उंदराचे गाभणपण जेमतेम २० दिवसांचे असते आणि पोटात एकाच वेळी अनेक पिल्ले असतात. शिवाय प्रयोगात अँटीबॉडीज एकदम टोचल्या जातात, तर महिलेच्या रक्तात त्या अनेक महिने, वर्षे राहतात. म्हणून महिलांवरील चाचण्याच निर्णायक ठरतात.

१९९७ मध्ये लंडनमधील चाचणीत अशा ९० महिलांचे दोन गट केले गेले. फक्त कमी मात्रेची अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्या ४५ पैकी १९ जणींना जिवंत बाळ झाले. अ‍ॅस्पिरिनसोबत हेपॅरिन घेणाऱ्या ४५ पैकी ३२ जणींना. नंतरच्या सगळ्याच चाचण्यांत इतका मोठा फरक दिसला नाही. तरी एपीएसच्या गर्भवतींसाठी आज हीच जोडी मुख्य उपचार मानली जाते.

तपासणीबाबत डॉक्टरांना कधी विचारावे?

● १० आठवड्यांच्या आत तीन किंवा अधिक गर्भपात झाले असतील तर
● १० आठवड्यांनंतर, व्यंग नसलेला गर्भ एकदाही दगावला असेल तर
● तीव्र रक्तदाबामुळे किंवा वारेच्या बिघाडामुळे ३४ आठवड्यांच्या आत प्रसूती झाली असेल तर
● पाय, फुप्फुस किंवा मेंदूत पूर्वी रक्ताची गुठळी झाली असेल तर

रक्ताच्या तीन चाचण्या असतात : ल्युपस अँटिकोअ‍ॅग्युलंट, अँटीकार्डिओलिपिन आणि अँटी-बीटा-२ ग्लायकोप्रोटीन-१. संसर्गानंतरही काही काळ त्या पॉझिटिव्ह येऊ शकतात. त्यामुळे किमान १२ आठवड्यांनी चाचणी पुन्हा करूनच निदान पक्के होते. एका रिपोर्टवर घाबरू नका आणि मैत्रिणीला लागू पडले म्हणून अ‍ॅस्पिरिन किंवा हेपॅरिन मनाने सुरू करू नका. दोन्हींमुळे रक्तस्रावाचा धोका असतो.

प्रत्येक गर्भपातामागे एपीएस नसतो. सुरुवातीच्या अनेक गर्भपातांचे कारण गुणसूत्रांतील दोष असते. पण ज्यांना हा आजार आहे, त्यांच्यासाठी तपासणी आणि उपचार दोन्ही आहेत. डॉक्टरांकडे जाताना आधीच्या प्रत्येक गर्भपाताचा आठवडा, सोनोग्राफी आणि डिस्चार्ज कार्ड एका फाइलमध्ये सोबत न्या. निदानाची सुरुवात तिथूनच होते.