मशीनमध्ये फुंकले नाही म्हणून सुटका होत नाही



बेणे, खते, खोडवा यांवर आम्ही नेहमी लिहितो. आज विषय थोडा वेगळा, पण हंगामाच्या तोंडावर गरजेचा आहे. रात्री काट्यापुढे नंबर लावून बसलेले काही ड्रायव्हर थंडीच्या नावाखाली 'थोडी' घेतात. पुढे पोलिसांनी अडवले, की सल्ला देणारे भेटतातच, "फुंकूच नको रे, पुरावा राहत नाही!" हा सल्ला साफ चुकीचा आहे.

कायदा काय म्हणतो ते पाहू. मोटार वाहन कायदा १९८८, कलम १८५ प्रमाणे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल आढळले, की तो गुन्हा. ट्रॅक्टरही यात आला. पहिल्या वेळी ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. पुन्हा सापडल्यास २ वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. ही दंडाची रक्कम २०१९ च्या दुरुस्तीने वाढलेली आहे.

आता फुंकायला नकार दिला तर? संशयास सबळ कारण असेल, तर कलम २०३ प्रमाणे गणवेशातील पोलीस वॉरंटाशिवाय अटक करू शकतात. मग ठाण्यात डॉक्टरमार्फत रक्ताचा नमुना मागता येतो (कलम २०४). तिथेही नाही म्हटले, तर योग्य कारण दाखविल्याखेरीज तो नकारच कोर्टात आपल्याविरुद्धच्या पुराव्याला बळ देतो (कलम २०५). म्हणजे पुरावा टाळायला गेलो आणि आपणच पुरावा दिला!

कांदा, लिंबू, वेलदोडा खाऊन तोंडाचा वास झाकेल, पण मशीनला फसवता येत नाही. दारू रक्तात जाते, रक्तातून फुफ्फुसात येते आणि श्वासाबरोबर बाहेर पडते. तिला उतरायला वेळच द्यावा लागतो.

ट्रॅक्टरमालकांनीही लक्षात घ्यावे. ड्रायव्हर प्यालेला आहे हे माहीत असून "जा रे, एक खेप टाकून ये" म्हणणाऱ्यालाही कलम १८८ खाली तीच शिक्षा आहे.

आणि कायदा बाजूला ठेवू. भरल्या दोन ट्रॉल्या मागे असताना ब्रेक एक क्षण उशिरा लागला, तर पुढचा सायकलवाला बहुधा आपल्याच गावचा असतो. दंड भरून पावती मिळते, माणूस परत मिळत नाही.

तेव्हा ड्रायव्हर प्यालेला दिसला तर चावी काढून घ्या. खेप सकाळी टाकता येईल.

— ऊस विकास अधिकारी