मडकं टांगणं आणि मडकं उतरवणं

बजी पोपटांच्या जोडीला पिल्लं व्हायला फार काही लागत नाही. जोडी वयात आलेली असावी, पिंजऱ्यात अंधारी जागा असावी आणि दाणा कमी पडू नये. बाकीचं त्यांचं ते बघून घेतात. म्हणून ‘आमच्याकडे पिल्लं झाली’ असं कुणी कौतुकानं सांगितलं की मी आधी विचारते, मडकं उतरवलंत का? पक्षी वाढवणाऱ्याची खरी परीक्षा तिथे असते.

बजी मूळचे ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या अंतर्भागातले. तिथे पावसाला नेम नाही. तो झाला की गवत वर येतं, बी धरतं, आणि त्या बियांवर जगणारे बजींचे प्रचंड थवे तिथे उतरतात. निलगिरीच्या जुन्या झाडांच्या ढोलीत अंडी घालायची, चारा आहे तोवर एकामागून एक वीण उरकायची, कारण पुढचा पाऊस कधी येईल याचा भरवसा नाही. १८४० साली जॉन गूल्ड यांनी हे पक्षी जिवंत इंग्लंडला नेले आणि तिथून ते जगभरच्या पिंजऱ्यांत गेले. पण सवय तीच राहिली. दाणा भरपूर, पाणी भरपूर, वर ढोलीसारखं मडकं, म्हणजे पाऊस झालेला आहे. पुण्यातल्या गॅलरीत, मादीच्या लेखी, हा पाऊस बारमाही पडत असतो. तो कधी थांबवायचा हे आपण ठरवायचं.

सुरुवात जोडीपासून. दुकानात लोक एक निळा, एक पिवळा असे दोन पक्षी घेतात आणि जोडी झाली म्हणतात. रंगाचा नर-मादीशी संबंध नाही. बघायचं ते चोचीच्या वर, नाकपुड्यांभोवतीच्या मऊ पट्टीकडे. वयात आलेल्या नराची ती गडद निळी असते. मादीची फिकट, आणि अंड्यावर आली की तपकिरी, खरखरीत होते. पिवळ्या, पांढऱ्या आणि काही ठिपकेदार जातींच्या नरांत मात्र ती आयुष्यभर गुलाबी-जांभळी राहते, तिथे चांगले जाणतेही फसतात. वय कपाळावर कळतं. पिल्लाच्या कपाळावर थेट चोचीपर्यंत बारीक काळ्या रेघा असतात. तीन-चार महिन्यांनी पहिली पिसं झडली की कपाळ स्वच्छ होतं. स्वच्छ कपाळ म्हणजे लगेच संसाराला तयार असं नव्हे. मादी वर्षाची होईपर्यंत थांबावं. त्याआधी अंडी घालायला लागली तर अंडं अडकण्याची भीती जास्त.

लाकडी पेट्या मिळतात, पण आपल्याकडे चालतं ते मडकं. कसब्यातल्या कुंभारवाड्यात गेलं की कुंभारमामाच विचारतात, “ताई, पाण्याचं हवंय की पाखरांचं?” पाखरांच्या मडक्याला तोंडाऐवजी कुशीत भोक असतं, साधारण चार-साडेचार सेंटिमीटरचं, भाजण्याआधीच पाडलेलं, म्हणून कडा गुळगुळीत. मडक्याचे दोन गुण आहेत. एक, ते आत गार राहतं. दुसरा मोठा: त्याचा तळ खोलगट असतो. अंडी आपोआप मधोमध गोळा होतात, आणि पुढे पिल्लांचे पाय अंगाखाली राहतात. सपाट, गुळगुळीत तळाच्या पेटीत पिल्लाचे पाय दोन बाजूंना फाकतात आणि वेळीच लक्ष गेलं नाही तर तसेच राहतात. दोष एकच, आत वाकून बघायला त्रास होतो. तळाशी लाकडाचा भुसा आणि वाळलेला कडुनिंबाचा पाला घालावा. मादी त्यातला अर्धा भुसा चोचीनं बाहेर फेकते. तो तिचा हक्क आहे. जोड्या जितक्या, त्याहून एक-दोन मडकी जास्त टांगावीत आणि सगळी एका उंचीवर. एक जरी वर असलं तरी माद्या त्यासाठी रक्त निघेपर्यंत भांडतात.

एकटीच जोडी पाळली तर कधी कधी महिनोन्‌महिने काही घडत नाही. दोन-तीन जोड्या एकमेकींच्या आवाजाच्या टप्प्यात ठेवल्या की चित्र बदलतं. अमेरिकेतल्या संशोधक बार्बरा ब्रॉकवे यांनी १९६० च्या दशकात याचा अभ्यास केला होता. नराचं ते हलकं, सलग गुणगुणणं ऐकून मादीच्या अंडाशयाची वाढ होते, असं त्यांना आढळलं. गॅलरीत हे समोर दिसतं. नर मादीच्या शेजारी सरकतो, डोळ्याची बाहुली बारीक करतो, तिच्या चोचीवर चोच आपटतो, मान झटके देत वरखाली करतो आणि पोटातले दाणे वर आणून तिला भरवतो. हे भरवणं महत्त्वाचं. पुढचे कित्येक आठवडे तिचं पोट त्याच्याच भरवण्यावर चालणार असतं.

अंडी जवळ आल्याची खूण पिंजऱ्याच्या तळाशी मिळते. मादीची विष्ठा एकदम मोठी, ओलसर आणि उग्र वासाची होते. आजार नव्हे तो. घरटं घाण होऊ नये म्हणून ती आत असताना रोखून धरते आणि बाहेर आली की एकदम मोकळी होते. मग शेपटीखालचा भाग फुगतो आणि दुपारनंतर कधीतरी पहिलं अंडं येतं: पांढरंशुभ्र, जेमतेम दोन ग्रॅमचं. मादीचं स्वतःचं वजन तीस-चाळीस ग्रॅम. पुढचं अंडं एक दिवसाआड. चार, पाच, सहा, कधी आठसुद्धा. एवढ्या टरफलांचा चुना तिच्याच हाडांतून जातो, म्हणून समुद्रफेन पिंजऱ्यात कायम अडकवलेलं हवं. कोकणच्या किनाऱ्यावर माकळीचं हे पांढरं, हलकं कवच लाटांबरोबर येऊन पडतं. गोड्या पाण्यात भिजवून, वाळवून देता येतं. त्या दिवसांत माझ्या पक्ष्यांचं ताट असं असतं: राळा आणि बाजरी रोजची, भिजवून मोड आणलेली थोडी, मक्याचं कणीस, कोथिंबीर, शेवग्याचा पाला, आणि उकडलेलं अंडं कुस्करून. पावसाळ्यात दाण्याला बुरशीचा वास येतोय का हे रोज हुंगून बघायचं.

पहिल्या-दुसऱ्या अंड्यापासूनच मादी उबवायला बसते, एकटीच. नर आत बसत नाही. तो भोकाशी येऊन भरवतो आणि बाहेर राखण करतो. सहाव्या-सातव्या दिवशी मोबाइलच्या टॉर्चवर अंडं धरलं की फळलेलं कळतं. आत तांबड्या शिरांचं जाळं आणि त्यात एक हलणारा ठिपका दिसतो. पोकळ अंडं नुसतं पिवळं उजळतं. अठराव्या दिवसाच्या सुमारास मडक्यातून अगदी बारीक चीं चीं ऐकू येते. अंडी एक दिवसाआड घातलेली, म्हणून पिल्लंही एक दिवसाआड निघतात. सहा पिल्लांच्या घरात थोरल्या-धाकट्यात दहा दिवसांचं अंतर पडतं.

नुकतं निघालेलं पिल्लू राजम्याच्या दाण्याएवढं असतं. अंगावर लव नाही, डोळे बंद, मान उचलवत नाही. मादी त्याला पायानं उताणं करते आणि चोच त्याच्या चोचीत तिरपी घालून भरवते. पहिले दिवस दाणा नसतो. तिच्या पोटात तयार होणारं पांढरट, प्रथिनांनी भरलेलं दूध असतं. कातडी इतकी पातळ की मानेखालची अन्नपिशवी बाहेरून दिसते आणि आत काय आहे तेही. दोन दिवस तिथे दुधाळ फुगा दिसतो. मग त्यात राळ्याचा एक दाणा, दोन दाणे दिसू लागतात, आणि आठवड्यात पिशवी दाण्यांनी टिच्चून भरलेली असते. सकाळी मी पिल्लाचं दुसरं काही बघत नाही, एवढंच बघते. पिशवी भरलेली असली की बाकी सगळं ठीक. रिकामी आणि सुरकुतलेली दिसली तर त्या पिल्लाला त्याच वयाच्या पिल्लांच्या दुसऱ्या मडक्यात सरकवायचं. बजी मादी परकं पिल्लू सहसा नाकारत नाही.

भरवण्यात मादीचा क्रम ठरलेला. थोरलं पिल्लू आरडाओरडा करून मान लांब करतं, पण ती त्याला ओलांडून धाकट्याकडे जाते. नराचं उलट. तो जो जास्त ओरडेल त्याला भरवतो. या दोघांच्या दोन तऱ्हांमुळे दहा दिवसांचं अंतर असूनही शेवटचं पिल्लू जगतं. म्हणूनच या काळात नर आजारी पडला किंवा मादी दमली, तर पहिला फटका धाकट्याला बसतो.

दहाव्या दिवशी डोळे उघडतात. मग करडी लव येते, आणि तिच्यातून पिसांच्या टोकदार काड्या वर येतात. काडीचं टोक फुटलं की रंग दिसतो आणि घरात अंदाजांची परीक्षा होते. रंगाचं गणित पक्कं आहे. हिरवा वरचढ, निळा दबणारा. म्हणून दोन हिरव्यांच्या पोटी निळं निघालं तर दोघांनीही निळा लपवून आणला होता. लाल डोळ्यांचा पिवळा हा मादीच्या एकट्या लिंग-गुणसूत्रातून उघडा पडणारा रंग. पिवळा नर आणि शुद्ध हिरवी मादी असेल तर पिवळी निघालेली सगळी पिल्लं माद्या असतात. पट्टीचा रंग दिसायच्या आधीच नर-मादी कळतात.

याच आठवड्यांत कष्टाचं काम असतं. सहा पिल्लांची घाण मडक्याचा तळ दोन-तीन दिवसांत भरून टाकते. दुपारी मादी खायला बाहेर आली की पिल्लं कापड घातलेल्या वाडग्यात काढायची, जुना भुसा खरवडायचा, नवा घालायचा, पिल्लं परत ठेवायची. बोटांना घट्ट गोळे चिकटलेले असतील तर कोमट पाण्यात भिजवून सोडवायचे. ओढले तर नखासकट येतात. सगळं तिचं खाणं संपायच्या आत. या दिवसांत स्वयंपाकघरातला नॉनस्टिक तवा मी कपाटात ठेवते. रिकामा तापला तर त्याचा धूर पक्ष्यांना मिनिटांत मारतो, आणि गॅलरी स्वयंपाकघराला लागूनच आहे.

महिना उलटला की भोकातून एक तोंड बाहेर डोकावायला लागतं आणि पाचव्या आठवड्यात पिल्लू उडी घेतं. ते धडपडतं, दांडी चुकतं, जाळीला लटकतं. आता भरवण्याची पाळी बहुतेक बापाची. आईचं लक्ष उडालेलं असतं. ती पुन्हा मडक्यात जाऊन बसते, कधी मागे राहिलेल्या पिल्लांची पिसं उपटते, बाहेर आलेल्यांवर चाल करते. क्रूर वाटतं, पण तिच्या हिशेबात पाऊस अजून पडतोय आणि ढोल रिकामी हवी आहे. पिल्लं तळाशी पसरलेला राळा स्वतः सोलून खायला लागली आणि पिशवी संध्याकाळी भरलेली दिसली की त्यांना वेगळ्या पिंजऱ्यात काढायचं.

इथेच बहुतेक घरांत चुकतं. नवी अंडी दिसतात, घरातली मुलं खूश होतात, आणि मडकं तसंच राहतं. दुसरी वीण चालते. तिसऱ्यानंतर अंड्याचं टरफल पातळ होतं, पिल्लं निघायची संख्या घटते, आणि एक दिवस मादी पिसं फुगवून पिंजऱ्याच्या तळाशी बसलेली सापडते. अंडं अडकलेलं असतं. ऊब आणि पक्ष्यांच्या डॉक्टरकडे धाव, याशिवाय इलाज नाही, आणि वेळ फार थोडा मिळतो. म्हणून वर्षात दोन विणी, त्याही पावसाळा सरल्यापासून होळीच्या आत. वैशाखाच्या उन्हात मडक्याच्या आतही पिल्लं तापतात. शेवटचं पिल्लू बाहेर पडलं त्याच दिवशी मडकं उतरवायचं. तोवर नवी अंडी आलीच असली, तर ती उकळून, गार करून परत ठेवायची. ती काढून घेतली तर मादी आणखी घालते; उकळलेल्यांवर बसून दमली की आपणहून सोडते. मग मडकं धुऊन उन्हात, दाणा साधा, मोड आणि अंडं बंद, नर-मादी वेगळ्या पिंजऱ्यांत. महिन्याभरात तिच्या नाकावरचा खरखरीत तपकिरी थर गळतो. थकवा गेल्याची ती खूण.

मडकं उतरवण्याला दुसरंही कारण आहे, आणि तो साधा हिशेब आहे. एका जोडीच्या दोन विणी, प्रत्येकी पाच पिल्लं, म्हणजे वर्षाला दहा. ती दहाही वर्षभराच्या आत वयात येतात. पक्षी चांगला सांभाळला तर सात-आठ वर्षं जगतो. ही दहा कुठे जाणार? आपल्या हिरव्या पोपटाला पिंजऱ्यात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे. बजी परदेशी आणि पिढ्यान्‌पिढ्या पाळलेला, त्याला ती आडकाठी नाही. म्हणूनच तो भरमसाठ निपजतो, काही शे रुपयांत जोडी मिळते, आणि कंटाळा आला की लोक ‘मोकळं करतो’ म्हणून गच्चीवरून सोडून देतात. पिंजऱ्यातल्या पिंजऱ्यात वाढलेला तो रंगीत पक्षी कावळ्याच्या किंवा शिकऱ्याच्या तोंडी जातो.

सोसायटीतली मुलं दर हिवाळ्यात येतात. “काकू, मला एक निळं द्या ना.” मी एक देत नाही, हा थव्याचा पक्षी, किमान दोन. घरच्यांशी बोलते, सुट्टीत गावाला गेल्यावर कोण बघणार ते विचारते, आणि दोन्ही नर देते, म्हणजे तिथे मडक्याचा प्रश्नच येत नाही. ऑक्टोबरात मडकं टांगण्याआधी अशी घरं ठरलेली हवीत. जितकी ठरतील तितक्याच जोड्यांना मडकी. ज्या वर्षी कुणी ठरत नाही त्या वर्षी मडकी माळ्यावर राहतात, आणि पक्ष्यांचं त्यानं काही बिघडत नाही.