गुलाब आणि जुलाब

गुलाब म्हटला की सुवास आठवतो. जुलाब म्हटला की माणूस नाक मुरडतो. पण हे दोन्ही शब्द एकाच घरचे आहेत. हसू येईल, पण गोष्ट खरी आहे.

फारसी भाषेत 'गुल' म्हणजे गुलाबाचे फूल आणि 'आब' म्हणजे पाणी. पाच नद्यांचे पाणी ज्या मुलखात, तो पंजाब. तसेच 'गुलाब' म्हणजे गुलाबपाणी. आपण ते पाण्याचे नाव फुलालाच देऊन बसलो! हा शब्द अरबांकडे गेला. त्यांच्या लिपीत 'ग' नाही. म्हणून त्यांनी 'ग'चा 'ज' केला. त्यांचा जुलाब म्हणजे गुलाबपाण्याचे गोड सरबत. हकीम लोक कडू औषध अशा सरबतातून पाजीत. पुढे पोट साफ करण्याच्या औषधालाच जुलाब म्हणू लागले.

म्हणूनच जुनी माणसे म्हणत, "काल एरंडेलाचा जुलाब घेतला." मग औषधाचे नाव त्याच्या परिणामाला लागले, आणि औषध न घेताही जुलाब 'होऊ' लागले. घेतला तो एक, झाले ते अनेक! आपला घरचा शब्द हगवण. कोणी ढाळ म्हणतात. वैद्य म्हणतात अतिसार, म्हणजे अति वाहून जाणे. चारचौघांत हगवण म्हणायला संकोच वाटतो, म्हणून जुलाब हा शब्द सगळीकडे चालला, असे आम्हांला वाटते.

पण घेतलेला जुलाब वेगळा आणि झालेले जुलाब वेगळे. इथे पुष्कळ लोक घोटाळा करतात. "पोट साफ होतंय, होऊ द्या. पाणी पाजू नका, आणखी होतील." असे सांगणारी वडीलधारी मंडळी अजून घरोघर आहेत. त्यांचा मान राखावा, पण हे ऐकू नये. जुलाबात अंगातले पाणी आणि मीठ निघून जाते. डोळे खोल जातात, तोंड कोरडे पडते, लघवी कमी होते. वेळेवर पाणी भरून काढले नाही, तर लहान मूल एका दिवसातही दगावू शकते.

१९७१ साली बांगलादेशच्या लढाईत लाखो निर्वासित बंगालमध्ये आले. बनगाव येथील छावणीत पटकीची साथ पसरली. शिरेतून द्यायचे सलाईन पुरेना. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ आणि साखर घातलेले पाणी तोंडाने पाजण्यास सुरुवात केली. पाजणारे कोण? रोग्यांचे नातेवाईकच! आधी शंभरांत ३० च्या आसपास रोगी दगावत होते, ते ४ च्या आत आले. साखर आतड्यातून आत शिरताना मिठाला बरोबर नेते, आणि मिठामागून पाणी जाते. नुसत्या पाण्याने हे तितके साधत नाही.

तेच पाणी म्हणजे जलसंजीवनी. तिची पुडी सरकारी दवाखान्यात मिळते. पुडीवर किती पाणी ते लिहिलेले असते. ते वाचा आणि तेवढ्याच पाण्यात सगळी पुडी घाला. मोठी पुडी १ लिटरची असते. पुडी नसेल तर १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालावे. मीठ जास्त पडू देऊ नका. थोडे थोडे, चमच्याचमच्याने पाजा. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा पाजा. उरलेले पाणी दुसऱ्या दिवशी ठेवू नका. आईने अंगावरचे दूध तोडू नये. मोठ्या मुलाला मऊ भात, पेज चालू ठेवावी.

डॉक्टरांकडे गेल्यावर नुसते "जुलाब होतात" म्हणू नका. कधीपासून, दिवसात किती वेळा, ते सांगा. आव किंवा रक्त पडत असेल तर तो आमांश. त्याचे औषध निराळे. तांदळाच्या धुवणासारखे पांढरे पाणी पडत असेल तर पटकीचा संशय घ्यावा. अशा वेळी, किंवा मूल सुस्त पडले, पाणी पिईना झाले, तर रात्र असो की पाऊस, तसेच निघावे. आणि वाटेतही पाजीत राहावे.