भोकाच्या पैशाचे खरंच लाख मिळतात?

मागच्या भागानंतर तुम्ही सगळ्यात जास्त फोटो पाठवलेत ते भोकाच्या पैशाचे. आणि प्रश्न एकच, "दादा, याचे लाख मिळतात म्हणे, खरंय का?"

नाही हो. मधोमध भोक असलेला हा एक पैसा 1943 ते 1947 या वर्षांचा. ब्राँझचा आहे, चांदीचा कणही नाही. दुसऱ्या महायुद्धात धातूची चणचण होती, भोक पाडलं की धातू वाचायचा. पण नाणी इतकी पाडली की आजही जुन्या बाजारात ती ढिगानं दिसतात. आजीच्या डब्यात आहे म्हणून दुर्मीळ, असं नसतं. बाकीच्यांच्या आज्यांकडेही डबे होतेच की!

आता रुपयाकडे येऊ, खरी मजा तिथे आहे. मी इंजिनिअर माणूस, त्यामुळे आधी तळाची किंमत काढतो, म्हणजे नुसत्या धातूची. 1939 पर्यंतचा रुपया 11.66 ग्रॅमचा आणि त्यात जवळपास 92 टक्के चांदी. 1940 मध्ये सरकारनं वजन तेच ठेवलं, चांदी मात्र 50 टक्क्यांवर आणली. म्हणजे 1940 ते 1945 च्या राजाछाप रुपयात चांदी 5.83 ग्रॅम. हिशेबासाठी भाव किलोला 1 लाख धरा, उत्तर येतं 583 रुपये. आजचा भाव टाका आणि स्वतः गुणा. त्याच काळातल्या अधेलीत याच्या निम्मी चांदी, पावलीत पाव. 1942 नंतरची पिवळी चवली मात्र निकेल-पितळेची, तिथे हा हिशेब शून्य. 1946 ची पावली-अधेली आणि 1947 चा वाघाचा रुपया निकेलचे. लोहचुंबक लावा, चटकन चिकटतात.

तळाच्या वर किती, हे ठरतं साल, टांकसाळ आणि अवस्था यांवर. लाहोरची टांकसाळ युद्धकाळातच सुरू झाली, तिच्या नाण्यांवर इंग्रजी एल असतो. मुंबईची खूण म्हणजे छोटा ठिपका किंवा चौकट. भिंगातून पाहा, मोबाईलचा झूम पुरत नाही. अवस्थेत राजाच्या मुकुटाची नक्षी किती शिल्लक आहे ते बघतात. आणि कृपा करून चिंच, राख, टूथपेस्ट काही लावू नका! घासलेलं नाणं चकाकतं, पण संग्राहक त्याला लगेच कमी भाव देतो.

सहाव्या जॉर्जचा 1939 चा रुपया मात्र खरोखर दुर्मीळ, आणि म्हणूनच त्याचे खोटे खूप. वजन करा. मग किनार बघा. 1940 पासून किनारीवरच्या रेघांच्या मधून एक बारीक खाच धावते, बनावट रोखण्यासाठी. 1939 च्या रुपयाला नुसत्या रेघा हव्यात. खाच दिसली, तर कुणीतरी सालाशी खेळलंय.

भाव बघताना जाहिरातीतला आकडा बघू नका. 10 लाख कुणीही लिहू शकतो, मीसुद्धा. लिलावात प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या नाण्यांचे निकाल बघा, तेच साल, तीच टांकसाळ, तशीच अवस्था.

आता सगळ्यात महत्त्वाचं. एका श्रोत्याच्या मावशींना फोन आला, "तुमचं नाणं 4 लाखांना विकलं गेलंय, आधी रिझर्व्ह बँकेची फी भरा." मावशी गुगल पे उघडून बसल्या होत्या, भाच्यानं वेळेत फोन हातातून घेतला. रिझर्व्ह बँकेनं 2021 मध्येच जाहीर केलंय की ती जुन्या नाण्यांच्या असल्या व्यवहारात नाही आणि त्यासाठी कसलीही फी किंवा कमिशन मागत नाही. खरा खरेदीदार तुम्हाला पैसे देतो, तुमच्याकडून आधी मागत नाही. पैसे गेलेच असतील तर लगेच 1930 वर फोन करा.

फोटो पाठवताना दोन्ही बाजू, किनार आणि सोनाराच्या काट्यावरचं वजन, चारही पाठवा. पुढच्या भागात राणीछाप रुपया. भेटूया!